हौशे, नवशे, गवशे

संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वज निघतात, गड्ड्यावर पाळणे लागतात, आणि गर्दीकडे बोट दाखवून कोणीतरी वडीलधारे माणूस ती म्हण हटकून ऐकवते : जत्रेला येतात ते हौशे, नवशे आणि गवशे. नवस फेडायला आलेला तो नवशा. काही हाती लागते का, हे पाहायला आलेला तो गवशा. उरला तो हौशा. त्याला देवाकडून काही नको, माणसांकडूनही काही नको. भाकरी बांधून आला, हिंडला, पाय दुखले तसा परत गेला. तिघांत निरुपद्रवी तोच. पण मान म्हणाल तर त्यालाच सर्वांत कमी! 'हौशी नाटक' म्हटले की पडदा मध्येच अडकणार, हे प्रेक्षक गृहीतच धरतो. 'हौशी कवी' या दोन शब्दांविषयी तर दिवाळी अंकाच्या संपादकांनाच विचारावे.

शब्द मात्र मोठा गमतीचा आहे. मूळ अरबी 'हवस'. फारसीतून तो हिंदुस्थानात आला. उत्तरेकडे त्याची संगत बिघडली. तिकडे आज 'हवस' म्हटले की सभ्य माणूस कान झाकून घेतो. आपल्याकडे तोच शब्द 'हौस' होऊन घरात शिरला आणि थेट डोहाळजेवणापर्यंत पोचला. इंग्रजांचा 'अमॅच्युअर' हाही परकाच. फ्रेंचांकडून घेतलेला, मूळ लॅटिन, अर्थ 'प्रेम करणारा'. म्हणजे दोन्ही भाषांचा मुद्दा एकच : हा माणूस पोटासाठी करीत नाही, आवडते म्हणून करतो.

हे सगळे आठवायला निमित्त झाले आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. मुलगा सोलापूरचा, शिकला इंजिनियरिंग, नोकरी परदेशात. तिकडे त्याला गोल्फचे वेड लागले. गेल्या वर्षी भेटायला आला तो फराळाच्या ताटापेक्षा मोबाइलमधल्या छायाचित्रांकडेच त्याचे लक्ष जास्त. म्हणाला, "सर, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळून आलो." मी 'हो का?' म्हणालो आणि चकली मोडली. त्याचा चेहरा पडला. आपण पंढरपूरला जाऊन आलो असे सांगावे आणि ऐकणाऱ्याने 'बस मिळाली का?' एवढेच विचारावे, तसे त्याला झाले असणार. मग त्याने मला शांतपणे सगळे समजावून दिले. विद्यार्थी शिक्षक झाला की फार चांगला शिकवतो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, समुद्राच्या वाळवंटाला लागून हे मैदान आहे. त्या मुलखात गोल्फ इतका जुना की १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत त्यावर बंदी घालावी लागली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू बडवीत बसत, आणि लढायला माणसे मिळेनात. आज जगभर गोल्फच्या मैदानाला अठरा होल असतात, तेही इथल्यामुळेच. पूर्वी इथे एका फेरीत बावीस होल खेळत; १७६४ साली काही होल एकत्र करून अठरा केले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. गोल्फमधली जुन्यांत जुनी स्पर्धा, तिला नुसते 'द ओपन' म्हणतात, ती इथे २०२२ पर्यंत तीस वेळा झाली.

आणि एवढे असूनही मैदान सार्वजनिक! कोणत्या राजाचे नाही, कोणत्या क्लबाचे नाही. रविवारी तर सहसा खेळच बंद. गावचे लोक कुत्री घेऊन, पोरे घेऊन, जगज्जेते ज्या हिरवळीवर घामाघूम झाले तिच्यावरून फिरायला जातात. खेळायचे असेल तर नाव सोडतीत टाकायचे. दोन दिवस आधी सोडत निघते. नाव निघाले तर तीनशेहून अधिक पौंड भरायचे आणि आपले 'हँडिकॅप' दाखवायचे. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला पक्क्याच्या बरोबरीला आणण्यासाठी मोजून दिलेली सवलत. (ही पद्धत विद्यापीठाच्या परीक्षांत आणावी, असे आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरचे मत आहे.)

"पहिला फटका मारताना हात थरथरत होते, सर," तो सांगत होता. पहिले पटांगण म्हणे एवढे रुंद की चेंडू बाहेर घालवणेच अवघड. पण मागे जुन्या क्लबाची दगडी इमारत, बाजूला रस्त्यावरून येणारेजाणारे उभे, आणि पुढे, होलच्या अगदी तोंडाशी, स्विल्कन नावाचा ओढा. याचा चेंडू ओढ्यात. सतराव्या होलवर तर हॉटेलच्या बाजूच्या शेडवरून, पलीकडचे काही दिसत नसताना, आंधळा फटका मारायचा. पुढे हिरवळीच्या डाव्या अंगाला खोल खड्डा आणि पाठीमागे चक्क डांबरी सडक. तिथे त्याला नऊ फटके लागले. हा आकडा त्याने असा सांगितला, जणू पदक मिळाले होते. मला त्याचे नवल वाटले नाही. त्याच मैदानावर १९२१ साली बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन पोरगा अकराव्या होलपाशी वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि संतापून स्पर्धाच सोडून बसला होता. हा जोन्स पुढे वकील झाला, स्पर्धा हौशी म्हणूनच खेळला, गोल्फचा एक पैसाही बक्षीस म्हणून घेतला नाही. १९२७ साली त्याने इथेच ओपन जिंकली. १९३० साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या ओपन आणि हौशी अशा चारही स्पर्धा जिंकून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्पर्धांतून बाजूला झाला. १९५८ साली सेंट अँड्र्यूज गावाने त्याला आपले नागरिकत्व बहाल केले. गाव अमेरिकन माणसाला असा मान सहसा देत नसे; त्याच्या आधीचा मानकरी होता बेंजामिन फ्रँकलिन!

मुलगा गेला. मग माझ्या मनात असे आले, की जगज्जेत्यांच्या भूमीवर हौशी मराठी माणूस उभा राहिला, याची जुन्यांत जुनी गोष्ट कोणती? ओल्ड कोर्सवर आज पैसे आणि नशीब असेल तर कोणीही उभा राहील. पण अशीही एक हिरवळ आहे, की जिथे कितीही पैसे मोजले तरी आपल्याला स्पर्धेच्या दिवशी कोणी फिरकू देणार नाही; उलट एके काळी तिथे पैसे घेणाऱ्याला मज्जाव होता आणि फक्त हौशीलाच प्रवेश होता. ती हिरवळ विंबल्डनची. १८७७ पासून १९६७ पर्यंत विंबल्डनची स्पर्धा निव्वळ हौशी खेळाडूंची होती. १९६८ साली दार उघडले, तेव्हा पुरुषांच्या विजेत्याला दोन हजार पौंड आणि स्त्रियांच्या विजेतीला साडेसातशे पौंड मिळाले. (या फरकाविषयी घरोघरी चर्चा व्हायला हरकत नाही. बक्षिसे सारखी व्हायला तिथे २००७ साल उजाडले.)

आणि या हिरवळीवर १९३४ साली एक हौशी हिंदी मुलगी जिंकली. तिचे नाव लीला राव.

बावीस वर्षांची मुलगी, मुंबईहून आलेली. पहिल्या फेरीत समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीला ४-६ हरली. दुसरा सेट लांबत गेला. तेव्हा टायब्रेकर नव्हता. दोन गेमचे अंतर पडेपर्यंत खेळतच राहायचे. बाजू बदलताना टेकायला खुर्चीसुद्धा नव्हती; ती सोय विंबल्डनमध्ये १९७५ साली आली. तो सेट तिने १०-८ जिंकला. तिसरा ६-२. बेरीज केली तर छत्तीस गेम. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफने तिला हरवले, आणि पुढच्या वर्षी ती पहिल्याच फेरीत बाद झाली. म्हणजे हिशेब मांडायचा तर विंबल्डनच्या एकेरीत एक विजय. पण विंबल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी ती पहिली हिंदी स्त्री. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन मेलबर्नला पहिली फेरी जिंकली, तेव्हा 'मोठ्या स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री' असे छापून आले. १९६८ नंतरच्या काळापुरते ते खरेच आहे, आणि निरुपमाचे कौतुक कमी करण्याचेही कारण नाही. पण मधली चौसष्ट वर्षे पुसली गेली, ती हौशी या शब्दाबरोबरच.

आता ही लीला कोण, ते ऐका. मराठीच्या मास्तराला खरा रस इथेच आहे. तिच्या आजोबांचे नाव शंकर पांडुरंग पंडित. घराणे मूळचे सावंतवाडीच्या मुलखातले. संस्कृतचे गाढे अभ्यासक. अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारे, 'वेदार्थयत्न' चालवणारे. आणि आपल्याला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ पासून छापली गेलेली तुकोबांची गाथा ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, ते हेच. आमच्या जिल्ह्यात आषाढीला जे येतात त्यांच्या पडशीतल्या गाथेशी या घराचा असा संबंध आहे. शंकरराव १८९४ साली वारले, तेव्हा त्यांची मुलगी क्षमा चार वर्षांचीही नव्हती. हीच पुढे पंडिता क्षमाबाई राव. मुंबईच्या डॉक्टर राघवेंद्र रावांशी लग्न झाले, नवऱ्याबरोबर युरोप पाहिला, आणि बाईंनी दोन गोष्टी मनापासून केल्या : संस्कृत लेखन आणि टेनिस. १९२७ साली, सदतिशीला टेकलेल्या असताना, त्यांनी मुंबई इलाख्याची हार्डकोर्ट स्पर्धा जिंकली. १९३२ साली त्यांची 'सत्याग्रहगीता' पॅरिसला छापून निघाली. गांधीजींच्या चळवळीवर संस्कृत काव्य! ते दिवस कोणते होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात या गावाने इंग्रजी अंमल काही दिवस झुगारून दिला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. त्या राज्याविरुद्धच्या लढ्याचे काव्य आईने परदेशी छापून घेतले आणि दोन वर्षांनी त्याच राज्याच्या राजधानीत मुलीने रॅकेट उचलले. हा विरोध आहे की सुसंगती, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोघींनाही तो प्रश्न पडला नसावा.

पुढे क्षमाबाईंनी तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृतात लिहिली. लीलाबाईंनी देशातली अखिल भारतीय स्पर्धा पुन्हा पुन्हा जिंकली, लग्न हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी केले, भारतीय नृत्यावर पुस्तके लिहिली, आणि आईच्या संस्कृत कथांची संस्कृत नाटके केली. फडक्यांच्या कादंबऱ्यांत टेनिस खेळणारी मंडळी वाचून ज्यांनी 'असे कुठे असते का?' म्हणून पुस्तक मिटले असेल, त्यांनी या घराकडे पाहावे. फडक्यांनी हात आखडूनच लिहिले, असे म्हणावे लागेल.

इथवर कौतुक झाले. आता जरा हिशेबाकडे वळू. १९३४ साली मुंबईहून विलायतेला जायचे म्हणजे बोटीचे दोनएक आठवडे, तिकडचा मुक्काम, सराव, परतीचा प्रवास. आणि जिंकले तरी हाती रोख काही नाही. हे करू शकणार कोण? नामांकित डॉक्टरची मुलगी. हौशीपणाची ती शुद्ध, पवित्र वाटणारी अट प्रत्यक्षात एक कुंपण होते. इंग्लंडात तर ते उघडपणे लिहून ठेवले होते. हेन्लीच्या सुप्रसिद्ध नौकाशर्यतीत हाताने काम करून मजुरी मिळवणारा माणूस, कारागीर किंवा मजूर, हौशी मानलाच जात नसे. तो नियम १९३७ पर्यंत टिकला. म्हणजे आमच्या साखरपेठेतला विणकर तिथे गेला असता, तर त्याने वल्ह्यासाठी एक पैसा घेतला नसता तरीही त्याला परत पाठवले असते. का, तर तो माग चालवतो!

आणि गंमत बघा. लीला राव खेळल्या त्याच १९३४ सालच्या विंबल्डनचा विजेता फ्रेड पेरी हा सूतगिरणीतल्या माणसाचा मुलगा. बाप सॅम पेरी स्टॉकपोर्टला गिरणीत कामाला होता. पुढे सहकारी चळवळीतून पार्लमेंटात गेला. पोरगा अंतिम सामन्यात जॅक क्रॉफर्डला ६-३, ६-०, ७-५ असा हरवून आला. पेरीने स्वतः लिहून ठेवले आहे, की तो आंघोळ करीत असताना क्लबाचा एक पदाधिकारी क्रॉफर्डला सांगत होता, की आज जो चांगला तो जिंकला नाही. सभासदत्वाचा टाय त्याला कोणी हाती दिला नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. त्याने तीन वर्षे ओळीने स्पर्धा जिंकली, १९३६ साली पैसे घेऊन खेळायचे ठरवले, आणि क्लबाने त्याचे मानाचे सभासदत्व काढून घेतले. पुतळा उभारला तो १९८४ साली. पन्नास वर्षांनी माणसाचे कपडे, बोली आणि बाप विसरायला सोपे जात असावे.

आपल्याकडचा पेरी कुस्तीतला. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, ते कसे गेले, हे महाराष्ट्राला पाठ आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबाही हौशीच; पण त्यांच्या हौसेचे मोल दुसऱ्याच्या घराच्या कागदपत्रांवर चढले होते. आमच्या व्यवसायात पगारवाढीच्या सभांना गर्दी होते, त्या गर्दीत मला कधी कधी खर्डेकर आठवतात आणि मी मागच्या दाराने निघून जातो.

म्हणून लीलाबाईंचा विजय हलका ठरतो का? मला तसे वाटत नाही. पैसा बोटीत बसवून देतो, १०-८ चा सेट जिंकून देत नाही. श्रीमंतांच्या अनेक मुली त्या काळी जिमखान्यावर टेनिस खेळत. विंबल्डनच्या यादीत त्यांची नावे नाहीत. पण ज्यांना जिमखान्याचे फाटकही दिसले नाही, त्यांच्यातली किती नावे त्या यादीत गेली असती, हा प्रश्न लीलाबाईंच्या विजयाच्या शेजारीच मांडून ठेवला पाहिजे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाच्या सोलापुरात अशी एखादी मुलगी नसेल, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे?

आज कुंपण गेले. टेनिसमध्ये हौशी आणि धंदेवाईक असा भेद स्पर्धेच्या दारात कोणी विचारत नाही. आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९९४ साली जन्मलेली प्रार्थना ठोंबरे २०१४ साली इंचॉनच्या एशियाडमध्ये सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक घेऊन आली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच जोडीने उतरली. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीने त्यांना हरवले, तेही तीन सेट घेऊन. बार्शी म्हणजे भगवंताचे मंदिर आणि पूर्वीची ती इवलीशी लाइट रेल्वे, एवढीच ज्यांची माहिती, त्यांनी यात भर घालावी. अलीकडे खुद्द सोलापुरातही मुलींच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाल्या. कुठल्या कुठल्या देशांतून पोरी आपापले रॅकेट खांद्याला लावून येतात. त्यांना धंदेवाईक म्हणायचे. पण वरच्या शंभरात नाव नसलेल्या खेळाडूचा जमाखर्च कधी मांडून पाहा : विमानाचे तिकीट, हॉटेल, शिक्षक, रॅकेटच्या तारा, आणि समोर पहिल्या-दुसऱ्या फेरीचे बक्षीस. बहुतेकींच्या वहीत खर्चाचीच बाजू लांब. कोणाचे वडील कर्ज काढतात, कोणाची आई नोकरी सोडून बरोबर हिंडते. नाव धंद्याचे आणि व्यवहार हौसेचा, असा हा उलटा प्रकार आहे. १९३४ साली पैसेवाली मुलगी हौशी म्हणून खेळली. आज बिनपैशांची मुलगी धंदेवाईक म्हणून पदरमोड करते.

पुढच्या वेळी आपल्या गावात अशी स्पर्धा लागली, की संध्याकाळी मुलांना घेऊन जा. एकेरीचे अंतिम सामने सगळेच पाहतात. तुम्ही पहिल्या दिवशी जा, पात्रता फेरीला. कडेच्या कोर्टावर एखादी सतरा-अठरा वर्षांची पोरगी, बघायला जेमतेम पाचसहा माणसे, पहिला सेट हरलेली, आणि दुसऱ्यात ५-५ झालेले असेल. तिथे उभे राहा.